एका रात्रीचे चौतीस टक्के

मुरबाड तालुक्यात, गोरखगडाचा सुळका समोर दिसेल अशा एका शेताच्या बांधावर दोन रात्री तंबूत राहून आलो. तीन रात्री असत्या तर जमलं नसतं. दोन जमतील असं कागदावर दिसत होतं, म्हणून गेलो.

कागदाचं कारण आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. मला झोपेत श्वास अडकण्याचा त्रास आहे. तपासणीत तासाला एकतीस वेळा श्वास थांबतो असं निघालं. त्यावर औषध नाही, मशीन आहे. नाकातोंडावर मास्क लावायचा, त्याला लांब नळी, आणि मशीन रात्रभर हवेचा दाब देत राहतं. मशीन चाललं की श्वास थांबत नाही. मशीनला वीज लागते. त्यामुळे गेली तीन वर्षं जिथे भिंतीत प्लग नाही तिथे मी झोपलेलो नाही.

आमचा कॅम्पचा ग्रुप जुना आहे. डिसेंबरात दोन रात्री उघड्यावर काढायच्या, हा एकवीस वर्षांचा रिवाज. पहिल्यांदा सहा जण होतो, आता तिघे उरलो. ठाण्याला टेंभी नाक्याजवळ राहणारा शरद, कोपरचा विनायक आणि डोंबिवली पूर्वेचा मी. मागची तीन वर्षं मी गेलो नाही. पहिल्या वर्षी ऑफिसचं ऑडिट सांगितलं, दुसऱ्या वर्षी कंबर. तिसऱ्या वर्षी कोणी विचारलंच नाही. मशीनबद्दल दोघांना काही माहीत नव्हतं. चेहऱ्यावर मास्क, त्यातून सोंडेसारखी नळी, असा आपण कोणाला दिसावा असं वाटत नव्हतं, एवढंच.

या वर्षी मी पोर्टेबल पॉवर स्टेशन घेतलं. म्हणजे मोठी बॅटरी, बाजूला घरातल्यासारखे प्लग आणि वर उचलायला मूठ. वजन साडेसहा किलो. क्षमता ५१२ वॉट-तास. यांचा व्यवहार ज्यांनी केला नाही त्यांच्यासाठी सांगतो: वॉट म्हणजे नळाची धार किती मोठी, आणि वॉट-तास म्हणजे टाकीत पाणी किती. दुकानदार धारेबद्दल फार बोलतात. आपण टाकी विचारावी.

निघण्याआधी घरी तीन रात्री चाचणी घेतली. मशीनचं हवा दमट करणारं पाण्याचं भांडं काढून ठेवलं, कारण तेच जास्त वीज खातं. सात तासांना पहिल्या रात्री तेहेतीस टक्के गेले, दुसऱ्या रात्री पस्तीस, तिसऱ्या रात्री चौतीस. सरासरी चौतीस. दोन रात्रींचे अडुसष्ट. दहा टक्के हाताशी राखून ठेवायचे. उरले बावीस. उन्हावर चार्ज करायचं घडीचं पॅनल मिळत होतं, पण हिशोबात बसत असताना ते कशाला, म्हणून घेतलं नाही.

सुनीता, माझी बायको, बॅग भरताना म्हणाली, "अहो, त्यांना आधी सांगून टाका ना फोनवर."

"तिथे गेल्यावर बघू."

"तिथे गेल्यावर तुम्ही बोलणार नाही," ती म्हणाली आणि नळीची गुंडाळी टॉवेलमध्ये घातली.

शुक्रवार. बांधावर

शरदच्या गाडीतून रायते, गोवेली, मुरबाड करत दुपारी तीनला पोचलो. म्हसा गावाच्या पुढे रस्ता अरुंद होतो आणि हवा एकदम कोरडी लागते. भात कापून झालेला होता. खाचरांत नुसते सड, मधे मधे वालाचे हिरवे पट्टे. समोर गोरखगड, अंगठा वर केल्यासारखा. डोंबिवलीत आमच्या खिडकीतून समोरच्या इमारतीच्या चौदा खिडक्या दिसतात, त्या मी मोजलेल्या आहेत. इथे मोजायला काही नव्हतं. पहिला अर्धा तास त्याचाच त्रास झाला.

मी माझा वेगळा छोटा तंबू आणला होता. तो त्यांच्या मोठ्या तंबूपासून चाळीस पावलांवर लावला.

"काय रे दिल्या, आमच्यात झोपायला लाज वाटते?" शरद ओरडला.

"घोरतो मी."

"मग मी काय भजनं म्हणतो? विन्या एकवीस वर्षं ऐकतोय माझं."

"ऐकत नाही, सोसतो," विनायक म्हणाला. तो शाळेत शिक्षक होता. कमी बोलतो, आणि आमचा स्वयंपाकी तोच.

मग शरदने हाळी दिली, "चटई!"

इथे आमचा नियम सांगायला हवा. तळ पडला की मधोमध प्लास्टिकची चटई अंथरायची आणि ज्याने जे आणलं ते तिच्यावर ठेवायचं. चटईवर आलं ते सगळ्यांचं. नंतर 'माझं' म्हणायचं नाही. एखादी वस्तू कोणी दडवून ठेवली आणि सापडली, तर सगळी भांडी त्याने घासायची. कपडे आणि औषधं तेवढी ज्याची त्याची. हा नियम एकवीस वर्षांपूर्वी मीच लिहून काढला होता.

शरदने गूळ, शेंगदाणे, विजेची छोटी किटली, दिव्यांची माळ आणि मुलाचा छोटा प्रोजेक्टर ठेवला. विनायकने मातीचं मडकं, वालाच्या शेंगा, बटाटे, रताळी, ओवा आणि मीठ ठेवलं. मी तांदूळ, डाळ, कांदे ठेवले. पॉवर स्टेशन बॅगेत होतं. त्याला औषध म्हणता आलं असतं. पण औषध म्हटलं की कसलं, हा प्रश्न येतो. आणि न सांगता बॅगेत ठेवणं म्हणजे दडवणं. मी ते काढून चटईवर ठेवलं.

"आयला!" शरदने त्याला हात जोडले. "साहेबांनी पॉवर हाऊस आणलंय! विन्या, लाव किटली."

त्याच्या पडद्यावरचा टक्क्यांचा आकडा शंभरवर होता.

विनायकने बांधावरून भांबुर्डीचा पाला आणला. मडक्यात तळाला पाला, त्यावर शेंगा आणि कंद, परत पाला, मग मडकं जमिनीवर उपडं करून वर गवत आणि काटक्या पेटवायच्या. पाणी नाही, तेल नाही. अर्ध्या पाऊण तासात पोपटी तयार होते. पाल्याचा उग्र वास शेंगांना लागतो आणि घरी कुकरमध्ये तो कधीच येत नाही. मी तीन वेळा वाढून घेतलं. खाताना मन मात्र त्या आकड्यावर होतं. चहाची किटली दोनदा झाली. तिघांचे फोन लागले. अंधार पडल्यावर माळ लागली. मग शरदने तंबूवर पांढरी चादर बांधली आणि प्रोजेक्टर लावला.

आमच्या सगळ्या कॅम्पचे फोटो त्याने मुलाकडून एकत्र करून घेतले होते. पहिल्या फोटोत सहाही जण, सगळ्यांना केस. दर वर्षाचे आठ-दहा फोटो. मी बहुतेकांत कडेला, हातात वही. मग एका फोटोनंतर मी नव्हतो. शरद आणि विनायक, विनायक आणि शरद, दोघेच एका दगडावर. एका फोटोत चटईवर तीन ताटल्या मांडलेल्या होत्या.

"ही तिसरी कोणाची?" मी विचारलं.

"सवयीने काढली गेली," विनायक म्हणाला. शरदने पुढचा फोटो लावला.

झोपायला गेलो तेव्हा विनायक म्हणाला, "माळ राहू दे रे चालू. मला रात्री उठावं लागतं, या दगडांत पडलो तर पंचाईत."

चटईवरची वस्तू होती. मी 'बरं' म्हणालो आणि चाळीस पावलं चालत तंबूत जाऊन बसलो.

साडेबाराला दोघांचंही घोरणं ऐकू आल्यावर परत आलो. आकडा सोळा होता. दुसऱ्या दिवशी बसून मी हिशोब लावला: किटली वीस, प्रोजेक्टर वीस, माळ चोवीस, फोन सहा. बेरीज सत्तर. चौदा टक्के कुठे गेले? तर त्या बॅटरीच्या डब्याचं प्लग चालू-बंद करायचं बटण दुपारपासून चालूच होतं. त्यावर काही लावलेलं नसलं तरी नुसतं तयार राहण्यात तो तासाला नऊ वॉट-तास खातो. घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं, मी ठेवलं नव्हतं.

सोळा टक्के म्हणजे तीन तास अठरा मिनिटं. माळ काढली, डबा उचलून तंबूत नेला, मास्क लावला.

चारला दहा कमी असताना गुदमरून जाग आली. मशीन बंद. मास्क काढला, तंबूची चेन उघडली आणि बाहेर पाय सोडून बसलो. पुन्हा झोपायची हिंमत झाली नाही. डबा नेऊन चटईवर होता तसा ठेवला आणि माळ पुन्हा जोडून दिली. सहाला पूर्वेला रंग येईपर्यंत बसून राहिलो. चाळीस पावलांवर दोन माणसं झोपलेली होती आणि त्यांना मी काहीही विचारू शकत नव्हतो.

शनिवार. राधाबाईंचा ओटा

"अरे, हे बंद पडलं!" सकाळी शरदने बटण दाबून पाहिलं. "काय दिल्या, एवढा पैसा ओतलास आणि एका रात्रीत फुस्स?"

"माळ चालू राहिली ना रात्रभर," मी म्हणालो.

तोंडातून गेलं. विनायक भांडं विसळत होता, तो थांबला. "माझ्यामुळेच मग," तो म्हणाला. "मीच म्हणालो होतो राहू दे."

"घ्या! मास्तरांच्या मुतण्यापायी बॅटरी गेली," शरद हसला. विनायकही थोडा हसला. मी नाही. आकड्यांची चूक मी कोणाची खपवून घेत नाही. इथे खोटा आकडा मीच दिला होता, आणि तो दुसऱ्याच्या नावावर टाकला होता.

चार्ज करून आणतो म्हणून डबा घेऊन निघालो. शेत ज्यांचं, त्या राधाबाईंचं घर दीड किलोमीटरवर. साडेसहा किलो एका हातात फार नाहीत असं दुकानात वाटतं. दर दोनशे पावलांवर हात बदलत गेलो.

राधाबाई साठीच्या पुढच्या. ओट्यावर वाल सोलत बसलेल्या. मी सांगितल्यावर त्यांनी पडवीतला प्लग दाखवला. "लावा. पन लाइट आमची लई हलकी हाय. पंखा बी रडत फिरतो." मी चार्जिंग कमी वेगावर ठेवलं. अकराला वीज गेली.

"येल आता जेवनाच्या टायमाला," त्या म्हणाल्या. "बसा. जाऊन काय करनार?"

खरंच, जाऊन काय करणार होतो? बसलो आणि वाल सोलू लागलो. त्यांचा मुलगा दिवा स्टेशनजवळ राहतो, सून आणि दोन मुलांसह. ठाण्यात कुठल्याशा कंपनीत आहे. "तिकडं पानी रातचं दोनला येतं. मंग उठून ड्रम भरतो. हितं माझी विहीर काठोकाठ, आन प्यायाला मी एकटी." त्यांनी सोललेले दाणे हलवून सपाट केले. "तुमचं काय? दिवे लावायला एवढं वझं आनलं व्हय?"

मी त्यांना सांगितलं. पुन्हा भेटायच्या नव्हत्या म्हणून असेल. झोपेत श्वास थांबतो, त्यासाठी मशीन, मशीनला ही बॅटरी, आणि सोबत्यांना यातलं काही ठाऊक नाही. रात्री काय झालं तेही सांगितलं. सकाळचं माळेचंही.

त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "पन थांबतो ह्ये तुमाला सांगितलं कोनी? तुमी तं झोपल्याले."

हा प्रश्न मला डॉक्टरने विचारलेला नव्हता. "बायकोने," मी म्हणालो. "ती मोजत बसायची. आता मशीन मोजतं, सकाळी आकडा दाखवतं." ती आता बाहेर हॉलमध्ये झोपते, हे सांगितलं नाही. घोरण्यामुळे गेली होती. मशीन आलं, घोरणं थांबलं, पण बिछाना परत आत आला नाही. त्यालाही तीन वर्षं झाली.

"माझा थांबला तं कोनाला कळंल?" राधाबाई म्हणाल्या. तक्रार नव्हती त्यात, त्या खरंच विचार करत होत्या. "दूधवाला येतो साताला. त्याला कळंल."

साडेबाराला वीज आली. त्यांनी तांदळाची भाकरी, वालाची आमटी आणि सुकटीची चटणी वाढली. आमच्याकडे भाकरी ज्वारीची, तीही आठवड्यातून एकदा. ही पांढरी, कडेला पातळ आणि मधे मऊ. दोन खाल्ल्या. त्यांनी अर्धीच खाल्ली. एकटीसाठी भाकऱ्या थापायचा कंटाळा येतो म्हणाल्या, आज निमित्त झालं. मी पैसे देऊ केले तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी हात खिशात परत घातला.

निघताना म्हणाल्या, "आन त्या मास्तराला सांगा. दुसऱ्याच्या डोक्यावर ठिवलंय तुमी."

शनिवार. पुन्हा चटईवर

चारला पोचलो. दोघे चटईवर पत्ते खेळत होते. डबा खाली ठेवला. आकडा शंभर.

"आला, पॉवर हाऊस आला!" शरदने किटलीला हात घातला.

"थांब," मी म्हणालो. "यातले चौतीस टक्के माझे."

"का रे? वेगळं खातं उघडलंस?"

"मला रात्री लागतात. मला मशीन लावून झोपावं लागतं." मग एका दमात सगळं सांगितलं, एकतीसच्या आकड्यासकट. शेवटी विनायककडे बघून म्हणालो, "आणि बॅटरी तुझ्या माळेने संपली नाही. साडेबाराला मी नेली होती. सकाळी खोटं बोललो."

विनायकने हातातली पानं उपडी ठेवली. "दोनला उठलो तेव्हा माळ बंद होती आणि डबा जागेवर नव्हता," तो म्हणाला. "तुझ्या तंबूतून पंख्यासारखा आवाज येत होता. साडेचारला परत उठलो तर तू बाहेर बसलेलास."

"मग सकाळी बोलला का नाहीस?"

"तू बोलतोस का बघत होतो."

शरदचा चेहरा लाल झाला होता. त्याला राग आला की तो आधी कानांपासून लाल होतो.

"म्हणजे तीन वर्षं तू यासाठी आला नाहीस?"

"हो."

"आणि मला वाटत होतं, माझ्यामुळे. शेवटच्या कॅम्पला मी तुझी वही सगळ्यांपुढे वाचली ना, काडेपेटीत काड्या किती उरल्या ते. फार हसलो होतो तुला. तू गप्प झालेलास. मला वाटलं, तेच मनात धरलंस. तिसऱ्या वर्षी फोन हातात घेऊन ठेवून दिला मी. म्हटलं, परत कारण सांगेल. कशाला ऐका."

वही वाचल्याचं मला आठवत होतं. लागलंही होतं, पण चार दिवस. चार दिवसांच्या गोष्टीचं ओझं तो तीन वर्षं घेऊन बसला होता, आणि मी माझी नळी.

"मला एकदा वाटलं, तू आजारी आहेस," विनायक म्हणाला. "पण विचारायचं कसं?"

"हे असं," शरद त्याच्यावर खेकसला. "दिल्या, मरतोयस का रे? असं विचारायचं." मग माझ्याकडे वळला. "आण ते. बघू तरी."

मी मास्क आणला. शरदने तो स्वतःच्या तोंडावर धरला आणि नळी हातात घेऊन आमच्याकडे रोखून पाहिलं. विनायक इतका हसला की त्याला ठसका लागला. मलाही हसू आलं. मास्क मग मी साबणाने धुतला, कारण त्याच्या तोंडात तंबाखू होती.

त्या संध्याकाळी चहा चुलीवर झाला. प्रोजेक्टर लागला नाही. माळ मात्र विनायकसाठी लावली, मी रात्रभरात तिला किती देता येईल ते त्याला सांगितलं आणि त्याने ते निमूट ऐकलं. भांडी मी घासली. नियमाप्रमाणे ती माझ्याकडेच होती. शरदने राखुंडा आणून दिला आणि उभा राहून चुका काढल्या.

अंधार पडायच्या आत शरद माझ्या तंबूचे खुंटे उपटू लागला.

"काय करतोयस?"

"चाळीस पावलांवरून मला ऐकू येणार आहे काय?"

"ऐकून तू काय करणार?"

"ते मी बघतो. तू दुसऱ्या बाजूचा धर."

तंबू त्यांच्या तंबूला लागून उभा केला. मधे हातभर अंतर. दहाला आत शिरलो. मशीन जोडलं, माळ सोडून बाकीचे सगळे प्लग काढले, मास्क बांधला. बाहेर थंडी वाढत होती आणि कुठेतरी खाली गावात कुत्री भुंकत होती. घरी या वेळी दार लोटलेलं असतं, मी आत आणि टीव्हीचा आवाज बाहेर. इथे दोन कापडांपलीकडे शरद कूस बदलतानाचा आवाज येत होता.

"दिल्या," तो म्हणाला. "चालू आहे ना?"

मास्क लावल्यावर बोलता येत नाही, बोललं तर कडेने हवा सुटते. मी हात बाहेर काढून कापडावर दोनदा थाप मारली.

थोड्या वेळाने परत, "दिल्या?"

दोन थापा.

त्याने आणखी एकदा विचारलेलं आठवतं. त्यानंतर किती वेळा विचारलं, याची नोंद माझ्याकडे नाही. मला झोप लागली होती.